सत्तावीस नंबरचं कार्ड : इंदूरच्या एका शिधावाटपाची हकिगत

जुलै २०२३ चा दुसरा शनिवार. रामबागेजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात आमचं महिन्याचं शिधावाटप चालू होतं. बाहेर पाऊस, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत फरशीवर पुठ्ठे अंथरलेले. मी तेलाच्या पिशव्या मोजत होते. शेजारच्या टेबलावर कॉलेजातला एक मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. त्याच्यासमोर पन्नाशीच्या एक काकू उभ्या होत्या, हातात कार्ड क्रमांक २७. त्यानं नंबर टाकला आणि पडदा लाल झाला. ‘दुबार नोंद.’ पुढचं बटण उघडेना. मुलगा म्हणाला, “काकू, तुमच्या नंबरवर सकाळीच धान्य गेलंय.” रांगेतल्या पंचवीस-तीस जणांनी ते ऐकलं. काकू काही बोलल्या नाहीत. हातातल्या कापडी पिशवीची त्यांनी घडी घातली, आधी अर्धी, मग आणखी अर्धी. ती कमरेला खोचली आणि दाराशी चप्पल शोधायला गेल्या.

मी हे पाहिलं. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हे इथे लिहायलाच हवं. तो लाल पडदा मी तयार केला होता आणि तो चालला होता.

तो पडदा का बनवला, त्यानं काय केलं आणि तो काढताना आम्हाला काय काय बदलावं लागलं, ते सविस्तर सांगते. गावोगावी लोक वर्गणी काढून असं वाटप चालवतात. त्यांतलं कुणी मोबाइलवर नोंदी ठेवायला घेणार असेल, तर त्यानं आमची ही चूक पुन्हा करू नये.

शिधा कशाचा, कुणाला

सुरुवात मार्च २०२० च्या टाळेबंदीतली. इंदूर तेव्हा कडकडीत बंद होतं. आमच्या मराठी वस्तीतल्या दहा-बारा घरांनी मिळून पोळी-भाजीचे डबे केले, मग डब्यांऐवजी कोरडा शिधा देऊ लागलो, आणि टाळेबंदी उठल्यावरही ते थांबवावंसं कुणाला वाटलं नाही. ट्रस्ट नाही, पाटी नाही. देवळाच्या विश्वस्तांनी सभामंडप दिला, एका घरानं सामान ठेवायला तळघरातली खोली दिली.

कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, धान्य असताना हे कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. या आधाराची किंमत मला ठाऊक आहे, ज्या घरांत आम्ही जातो तिथे पोटाला पोळी आहे ती त्यामुळेच. पण ते धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, तिखट-मीठ, चहा दुकानातूनच घ्यावं लागतं. शिवाय पात्रता पर्ची, म्हणजे हे धान्य मिळायला लागणारी सरकारी चिठ्ठी, नसलेलीही घरं आहेत. कुणी बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून कामाला येऊन भाड्यानं राहिलेलं, कुणाच्या समग्र आयडीवरचं, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावरचं, नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. कुणाचा अंगठा लागत नाही, कारण तीस वर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषाच राहिलेल्या नाहीत.

म्हणून आम्ही गहू-तांदूळ ठेवतच नाही. दोन किलो तूरडाळ, लिटरभर सोयाबीन तेल, शेंगदाणे, साखर किंवा गूळ, मीठ, हळद-तिखट, चहापत्ती आणि कपड्याचा साबण. माल सियागंजच्या बाजारातून घाऊक भावानं येतो. घरं एकशे चाळीसच्या आसपास. पोळ्या लाटणाऱ्या बायका, एकट्या राहणाऱ्या आज्या, रिक्षावाले, कारखान्यात रोजंदारीवर जाणारे. मराठी घरं साधारण निम्मी, बाकीची हिंदी, माळवी, निमाडी बोलणारी.

वहीपासून मोबाइलपर्यंत

पहिली दोन वर्षं वही होती. ती आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे सांभाळत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. लांब पाठकोऱ्या वहीत नाव, घरात माणसं किती, कुठे राहतात, आणि समोर सही किंवा अंगठा. २०२२ मध्ये मी ते सगळं एक्सेलमध्ये घातलं. माझी नोकरी आकडेमोडीचीच, त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

तयार काही मिळतं का म्हणून शोधताना अमेरिकेतल्या अन्नपेढ्यांबद्दल वाचलं. तिथली पहिली अन्नपेढी १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. दुकानांतलं विकलं न जाणारं पण खाण्याजोगं अन्न गोळा करायचं आणि गरजूंपर्यंत पोचवायचं. आज तिथे मोठ्या पेढ्या कोठारासारख्या असतात आणि वस्तीवस्तीतली छोटी वाटपकेंद्रं त्यांच्याकडून माल उचलतात. या छोट्या केंद्रांसाठी खास सॉफ्टवेअर आहेत. आलेल्या कुटुंबाची नोंद, घरात मुलं किती, म्हातारी माणसं किती, कोठारात काय शिल्लक, वरच्या पेढीला पाठवायचा मासिक तक्ता. उत्तम आहेत, पण ती तिथल्या रीतीला धरून बनलेली. डॉलरमध्ये वर्गणी, इंग्रजी पडदे. आमच्या तळघरात मोबाइलला रेंज येत नाही, आणि नावं देवनागरीत लिहायची.

म्हणून गूगल शीट आणि तिच्यावर ॲपशीट या कोड न लिहिता ॲप बनवायच्या सोयीत बनवलेलं छोटं ॲप असं ठरलं. ते रेंज नसताना चालतं आणि रेंज आली की नोंदी वर चढवतं. प्रत्येक घराला पुठ्ठ्याचं कार्ड दिलं, त्यावर क्रमांक आणि एक चित्र. वाचता न येणाऱ्यांनाही आपलं कार्ड ओळखता यावं म्हणून. सत्तावीसवर कैरी आहे. एप्रिल २०२३ पासून मोबाइलवर वाटप सुरू झालं. रांग निम्म्या वेळात सरू लागली, आणि तळघरात काय किती आहे हे कुणालाही विचारावं लागेना. दानात आलेल्या रव्याला आणि बेसनाला पावसाळ्यात पोरकिडे होतात. आधी दरवर्षी थोडं तरी फेकावं लागे. ज्याची मुदत आधी संपते ते पिशवीत आधी, एवढा एक नियम ॲपमध्ये घातला आणि ते फेकणं जवळजवळ थांबलं. सॉफ्टवेअरनं काय दिलं असं मला कुणी विचारलं, तर पहिलं उत्तर हे देते.

मग मी आणखी दोन नियम घातले. एक, एकच मोबाइल नंबर दोन कार्डांवर असेल आणि त्यांतल्या एकावर त्या महिन्यात शिधा गेला असेल, तर दुसरं कार्ड अडवायचं. दोन, सलग तीन महिने कुणी आलं नाही तर कार्ड आपोआप बंद.

हे का केलं? कारण वर्गणी देणारे विचारत होते, “तेच तेच लोक दोन-दोनदा नेत नाहीत कशावरून?” प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. पैसे त्यांच्या घामाचे होते. मला त्यांना आकडा दाखवायचा होता. दिवाळीच्या अहवालात मी तो दाखवलाही. ‘दुबार वाटप टाळले : ९.’ त्या ओळीखाली कुणीतरी हात जोडल्याची खूण पाठवली होती.

आबांचा प्रश्न

जानेवारी २०२४ ची गोष्ट. संक्रांतीचे तिळगूळ पिशव्यांत भरत बसलो होतो. आबा मोबाइलला हात लावत नाहीत, डोळ्यांना त्रास होतो. ते आपली वही घेऊन टेबलामागे बसतात आणि येणाऱ्याशी बोलतात. ते म्हणाले, “सत्तावीस नंबर किती दिवसांत दिसली नाही गं?”

मी मोबाइलवर पाहिलं. कार्ड क्रमांक २७, स्थिती : बंद. म्हटलं, “आबा, त्या येत नाहीत आता. ऑक्टोबरातच बंद झालंय कार्ड.”

“बंद कुणी केलं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणीच केलं नव्हतं. जुलैत कार्ड अडलं, म्हणून जुलैची नोंद रिकामी. ऑगस्ट, सप्टेंबर त्या आल्या नाहीत. तीन महिने झाले, नियमानं काम केलं. एका बाईचा शिधा बंद झाला आणि तो निर्णय घेतला असं म्हणता येईल असं माणूसच आमच्यात नव्हतं.

त्या रविवारी मी आणि माझ्या एक वहिनी त्यांच्या घरी गेलो. चाळीतली दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक ओटा. शेजारच्याच खोलीत त्यांच्या धाकट्या जाऊबाई राहतात, कार्ड क्रमांक ६४. दोन्ही कार्डांवर एकच मोबाइल नंबर होता, जाऊबाईंच्या मुलाचा. काकूंकडे मोबाइलच नाही. नोंदणीच्या दिवशी आम्हीच म्हटलं होतं, “कुठलाही एक नंबर द्या.” घरं दोन, चुली दोन. काकूंकडे त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, पलीकडे दीर-जाऊ आणि तीन मुलं. त्या जुलैच्या शनिवारी जाऊबाई सकाळी शिधा घेऊन गेल्या होत्या, काकू कामावरून दुपारी आल्या.

मी माफी मागितली. काकूंनी चहा टाकला. म्हणाल्या, “अगं, मशीनच नाही म्हणतंय म्हटल्यावर तुम्हाला काय विचारणार?”

मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करते, पण त्याच्या शब्दाचं एवढं वजन लोकांच्या मनावर असतं हे मला तिथे त्या ओट्यावर कळलं. आबांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर काकू भांडल्या असत्या. “आबा, नीट बघा, ती माझी जाऊ होती,” म्हणाल्या असत्या. मोबाइलशी कोण भांडणार?

घरी येऊन त्या नऊ ‘दुबार’ नोंदी एकेक करून काढल्या. पुढच्या दोन आठवड्यांत नऊही घरी कुणी ना कुणी जाऊन आलं. सात ठिकाणी घरं खरोखर वेगळी निघाली. कुठे जावाजावांत एक फोन, कुठे घरमालकाचा नंबर दिलेला, दोन रिक्षावाल्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा दिलेला. उरलेल्या दोन मात्र खरंच दुबार होत्या, म्हणजे एकाच घराची दोन कार्डं. पण ती आम्हीच काढली होती. घरच्यांना वाटत होतं की एक कार्ड हरवलं म्हणून आम्ही दुसरं दिलं, आणि ते एकाच कार्डावर शिधा नेत होते. फसवणूक नऊपैकी एकाही घरात नव्हती. अहवालातली ती ओळ खोटी होती, आणि ती मी लिहिली होती. वर्गणीदारांना तसं लेखी कळवलं.

एक चूल, एक कार्ड

दुरुस्ती कुठून करायची यावर दोन बैठका झाल्या. अडवणूक काढली तर खरंच कुणी दोनदा नेईल, हा आक्षेप आलाच. तेव्हा आबांनी साधा हिशेब मांडला. चुकून कुणी दोनदा नेलं तर आपली एक पिशवी जास्त जाते. चुकून कुणाला परत पाठवलं तर एका घरात महिनाभर वरण शिजत नाही, आणि ते माणूस पुन्हा दारात येत नाही. या दोन चुका एका तराजूत कशा घालायच्या? त्यानंतर त्या विषयावर कुणी वाद घातला नाही.

लाल पडदा गेला. आता तसा संशय आला की पडद्यावर एक पिवळी ओळ येते. ‘हाच फोन नंबर कार्ड ६४ वरही आहे.’ बटण उघडंच असतं. टेबलावरच्या माणसानं हवं तर विचारावं, रांगेसमोर मात्र नाही, आणि शिधा त्या दिवशी द्यायचाच. शंका असेल तर नंतर घरी जाऊन बघायचं. हा बदल करायला मला वीस मिनिटं लागली. एवढ्याशा कामासाठी एक घर सहा महिने उपाशी राहिलं नसेल, पण अर्धपोटी राहिलं.

घर म्हणजे काय, हेही नव्यानं ठरवावं लागलं. फोन नंबर म्हणजे घर नव्हे, पत्ताही नव्हे, कारण एका वाड्याच्या एका पत्त्यावर आठ बिऱ्हाडं असतात. आपल्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्याच मुळी एका सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसं अशी आहे. आम्ही तीच घेतली. एक चूल, एक कार्ड. नोंदणीच्या वेळी आता पहिला प्रश्न असतो, “तुमच्या चुलीवर किती जणांचं होतं?” या प्रश्नाचं उत्तर देताना कुणी अडखळत नाही. उत्पन्न किती विचारलं की माणसं खाली बघायची.

नावांचा घोळ हा वेगळाच प्रकार, आणि तो खास इंदूरचा. आमचे निम्मे कार्यकर्ते मराठी शाळेत शिकलेले, निम्मे हिंदी शाळेत. एक जण ‘ज्योती’ लिहितो, दुसरा ‘ज्योति’. कमळाबाई आणि कमलाबाई. शिंदे आणि शिन्दे. कुणी सुमन लिहितं, कुणी सुमनबाई. ऐकायला एकच, पण कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर क्रमांकानं ओळखतो, आणि त्या क्रमांकांच्या यादीत, युनिकोडमध्ये, ळ आणि ल यांचे क्रमांक वेगळे, ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीचेही वेगळे, आणि अनुस्वार व अर्धा न यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे ‘शोधा’ दाबलं की नाव सापडत नसे, आणि कार्यकर्ता नवं कार्ड काढून मोकळा होई. ती दोन खरी दुबार कार्डं अशीच जन्मली होती.

यावर उपाय म्हणून शीटमध्ये एक लपलेला रकाना केला. मूळ नाव जसंच्या तसं राहतं, कारण आपलं नाव कसं लिहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. लपलेल्या रकान्यात मात्र सगळ्या वेलांट्या आणि उकार ह्रस्व होतात, ळ चा ल, ण चा न, श आणि ष चा स, अर्ध्या अनुनासिकांचा अनुस्वार, आणि शेवटचं ‘बाई’ गळतं. शोध त्या रकान्यात होतो. मिळतीजुळती तीन-चार नावं चित्रांसकट समोर येतात आणि समोरची व्यक्ती स्वतःच बोट ठेवते. “ही मी, कमळवाली.” हिंदी-मराठी मिसळीच्या कुठल्याही गावात हे करून पाहण्यासारखं आहे. सूत्र लहान आहे आणि पैसे पडत नाहीत.

तीन महिन्यांनी कार्ड बंद होण्याचा नियमही गेला. आता कुणी एक महिना आलं नाही तर नाव ‘विचारपूस’ नावाच्या यादीत जातं. वाटपानंतरच्या सोमवारी दोघी जणी ती यादी घेऊन फोन करतात, फोन नसेल तिथे जाऊन येतात. मुलीकडे गेलेत, आजारी आहेत, घर बदललंय, किंवा आता मुलाला नोकरी लागली, शिधा नको. कार्ड बंद करायचं तर ते घरच्यांनी सांगितल्यावरच, आणि बंद करणाऱ्याचं नाव समोर लिहायचं. ‘बंद कुणी केलं?’ या आबांच्या प्रश्नाला आता शीटमध्ये एक रकाना आहे.

आणखी एक काम त्याच महिन्यात उरकलं. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं सगळ्यांच्या आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले होते. कशासाठी, हे आज कुणालाच सांगता येत नाही. डाळ द्यायला आधार लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा गाभा असा की माहिती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच ठेवावी आणि ती घेताना माणसाला कळेल अशा भाषेत सांगावं. कायदा आम्हाला कितपत लागू होतो हा वकिलांचा प्रश्न. पण शेजाऱ्याचं कार्ड आपल्या फोनमध्ये पडून असणं बरं नव्हे, हे कळायला वकील लागत नाही. प्रत्येकाच्या फोनमधून ते फोटो पुसले. जात, उत्पन्न, नवरा आहे की नाही, हे रकाने काढले. राहिले ते क्रमांक, चित्र, नाव, चुलीवर माणसं किती, गाठायचं कसं, आणि काय नको.

काय नको

हा शेवटचा रकाना वहिनींनी सुचवला. सत्तावीस नंबरच्या घरी आम्ही गेलो तेव्हा फळीवर साखरेच्या चार पिशव्या तशाच दिसल्या. सासूबाईंना मधुमेह. साखर त्यांना कधीच नको होती, पण देणाऱ्याला नको कसं म्हणायचं?

तेव्हा मला ती अमेरिकेतली आणखी एक गोष्ट आठवली. आज फीडिंग अमेरिका या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेकडे देशभरातून अन्न येई आणि ते ठरलेल्या क्रमानं पेढ्यांना वाटलं जाई. ज्याला जे वाट्याला येईल ते. बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोला बटाटेच पाठवले जाण्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००५ मध्ये कॅनिस प्रेंडरगास्ट आणि त्यांच्या शिकागो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी पेढ्यांच्या लोकांबरोबर बसून एक वेगळी रीत बसवली. प्रत्येक पेढीला तिच्याकडच्या गरजेप्रमाणे एक खोटं चलन दिलं, ज्याला ते ‘शेअर्स’ म्हणतात, आणि त्या चलनात पेढ्यांनी हव्या त्या मालावर बोली लावायची. जिथे गरज जास्त तिथे चलन जास्त. ज्यांना डबाबंद धान्य हवं त्यांनी त्यावर खर्च केलं, ज्यांना भाजी परवडेल त्यांनी भाजी घेतली. बाजाराच्या या रीतीवर शंका घेणारे तिथेही होते.

लिलाव आम्हाला नको होता. आम्ही एवढंच केलं. डाळ, तेल, मीठ ठरलेलं, बाकी सहा जिनसांतले चार ज्याचे त्यानं निवडायचे. निवड कार्डावर राहते आणि कधीही बदलता येते. पहिल्याच महिन्यात साखरेची मागणी घटली आणि शेंगदाण्यांची वाढली. उपासाला चालतात, कूट भाजीत जातं, मुलं नुसते खातात. साबणाला सगळ्यांत जास्त मागणी आली, हे मात्र आमच्यापैकी कुणीच ओळखलं नव्हतं.

चातुर्मास

आता ज्यासाठी मी हे सॉफ्टवेअर आजही मनापासून सांभाळते ती गोष्ट.

काकूंकडे बसलो होतो तेव्हा मी विचारलं, जुलैपासून शिधा नव्हता तर भागवलंत कसं? त्या म्हणाल्या, “तेच तर दिवस वाईट असतात. लग्नं नसतात ना.” काकू केटरिंगवाल्याकडे पोळ्या-पुऱ्या लाटायला जातात. देवशयनी, म्हणजे आषाढी, एकादशीला देव झोपले की लग्नं थांबतात ती थेट देवउठनी, म्हणजे कार्तिकी, एकादशीपर्यंत. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे २९ जून ते २३ नोव्हेंबर, चाराऐवजी जवळजवळ पाच महिने. घरात चातुर्मासाची पोथी चालू असते, दारात दिवा असतो, आणि चुलीवर ठेवायला काही नसतं.

घरी आल्यावर मी वर्षभराच्या नोंदी महिन्यांप्रमाणे मांडल्या. एका रांगेत किती घरं आली, किती जणांनी वरून आणखी काही मागितलं. खालच्या रांगेत आमच्याकडे दान काय आलं. चित्र स्पष्ट होतं. मागणी जूनपासून चढते, शाळेच्या वह्या-गणवेशाचा खर्च आणि बंद पडलेली लग्नं एकदमच येतात. लाटणाऱ्या, वाढपी, मांडववाले, बँडवाले, फुलं ओवणाऱ्या, आमच्या घरांपैकी तिसरा हिस्सा तरी लग्नांच्या कामावर जगतो. हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण आम्ही ‘काम : मजुरी’ एवढंच लिहीत होतो. आणि दान? त्याचा सगळ्यांत मोठा लोंढा येतो पितृपक्षात. तिथीला शिधा काढायची रीत घराघरांत आहे. त्यात असतं काय, तर छोट्या छोट्या पिशव्यांत तांदूळ आणि कणीक. म्हणजे जे कंट्रोलमधून मिळतं तेच. जुलैत मात्र आमचं तळघर वर्षातलं सगळ्यांत रिकामं.

२०२४ मध्ये हा तक्ता मोठ्या कागदावर काढून देवळात लावला. कुणाचं नाव नाही, कुणाचा फोटो नाही, नुसत्या दोन रेघा, एक वर चढणारी आणि एक खाली उतरलेली. त्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती आणि गुरुपौर्णिमा २१ ला. आम्ही सांगितलं, गुरुपौर्णिमेला जे काही द्यायचं असेल ते आषाढ लागताच द्या, आणि तिथीच्या शिध्यात तांदळाऐवजी डाळ-तेल चालेल का बघा. एक आजोबा रागावले. श्राद्धाचा शिधा कसा काढायचा हे कागदावरच्या रेघा सांगणार का, म्हणाले. त्यांचं मन दुखवायचं नव्हतं, आम्ही गप्प बसलो. सप्टेंबरात ते आले तेव्हा तांदूळ होतेच, पण बरोबर पाच किलो तूरडाळही होती.

अहिल्याबाईंचं नाव आपल्या शहरात उठताबसता घेतलं जातं. त्यांच्या खासगीतून चाललेल्या अन्नछत्रांच्या कथा आमच्या घराघरांत सांगतात. मला त्या कथांत आता एक वेगळी गोष्ट दिसते. अन्नछत्र चालवायचं तर यात्रा कधी भरते, वाटेत पाऊस कुठे लागतो, माणसं कुठे थकतात, हे आधी ठाऊक असावं लागतं. आम्ही चार वर्षं शिधा देत होतो आणि आमच्याच लोकांची यात्रा कधी असते हे आम्हाला माहीत नव्हतं.

२०२४ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत लग्नाच्या कामांवरच्या घरांना दीड पट शिधा दिला. त्यासाठी ॲपमध्ये ‘मजुरी’च्या जागी खरं काम लिहायची सोय केली. लाटणं, वाढपी, मांडव, बँड. विचारताना कारणही सांगतो. “चातुर्मासात जास्त द्यायचं आहे म्हणून विचारतो.” कारण कळलं की लोक मोकळेपणी सांगतात.

कार्ड २७ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. काकू आल्या त्या दिवशी टेबलावर तोच मुलगा होता. मी त्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि चूक त्याची नव्हती हेही. तो उठून उभा राहिला. काकूंनी कार्ड पुढे केलं, कैरीवर त्यांचा अंगठा. “साखर नको, शेंगदाणे दे बाळा,” म्हणाल्या. त्यानं मोबाइल त्यांच्याकडे फिरवला, पडद्यावर शेंगदाण्यांचं चित्र होतं, आणि काकूंनी स्वतःच त्यावर बोट ठेवलं.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १५ जूनला संपतो आणि आषाढी थेट २५ जुलैला आहे. लग्नांचे दिवस पुढे-मागे होणार, त्यामुळे मागच्या वर्षीचा तक्ता तसाच चालणार नाही. लाटणाऱ्या बायकांनाच विचारून नवा करायचं ठरलंय. विचारपूस यादीत सध्या तीन नावं आहेत. दोघांचे फोन लागत नाहीत, एकाकडे फोनच नाही. रविवारी सकाळी वहिनी आणि मी निघणार आहोत. आबांनी वहीतून तिघांच्या घराच्या खुणा लिहून दिल्यात. पिंपळाचं झाड, पिठाची गिरणी, आणि निळं दार.